आदर्श नगरीच्या कादंबऱ्यांनी खरं शहर सुधारतं का?

परळची वाचक:

राज्यकारभार बदलायचा, पैशाची वाटणी बदलायची म्हटलं की आपण कायदा, मोर्चा, निवडणूक यांची नावं घेतो. कादंबरीचं नाव कुणी घेत नाही. त्यातही जिथे सगळं नीट चाललंय अशा कल्पित समाजाची कादंबरी असेल तर ते निव्वळ स्वप्नरंजन, असं आपल्याकडचे जाणते वाचकसुद्धा धरून चालतात. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. आर्थिक सुधारणेची मागणी सामान्य माणसाच्या तोंडी बसवायची तर अशा कादंबरीइतकं जोरकस साधन दुसरं नाही. आणि मुंबईला आज त्याची निकड आहे.

एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाचं 'लुकिंग बॅकवर्ड' १८८८ साली आलं. बोस्टनमधला ज्युलियन वेस्ट हा श्रीमंत तरुण १८८७ मध्ये झोपतो आणि उठतो तो २००० साली. खासगी कारखाने संपलेले आहेत. २१ ते ४५ वर्षं वयाचा प्रत्येकजण राष्ट्राच्या कामगारसेनेत आहे, आणि देशाच्या वार्षिक उत्पन्नातला सारखा वाटा प्रत्येकाच्या नावे पुठ्ठ्याच्या एका कार्डावर जमा होतो. त्यातला एक प्रसंग मुंबईकराने तर वाचायलाच हवा. पाऊस सुरू होतो आणि फुटपाथांवर एकसलग छत उतरतं. यजमानांच्या घरची माणसं त्याला सांगतात की एकोणिसाव्या शतकात पाऊस आला की बोस्टनची माणसं तीन लाख डोक्यांवर तीन लाख छत्र्या उघडायची, आता सगळ्यांच्या डोक्यावर मिळून एकच छत्री असते.

सार्वजनिक मालकी म्हणजे काय, हे इतक्या सोप्या रीतीने कुठल्या जाहीरनाम्यात वाचलंय का कुणी? लोकांनी वाचलं आणि ते कामाला लागले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये बेलामीच्या विचारांचं पहिलं मंडळ निघालं, पुढच्या दोन-तीन वर्षांत दीडशेहून जास्त. १८९२ मध्ये पीपल्स पार्टी या नव्या पक्षाने रेल्वे, तार, टेलिफोन सरकारी मालकीचे करा, चढत्या दराने प्राप्तिकर लावा असा जाहीरनामा काढला, त्यात बेलामीची मंडळी सामील होती. लंडनमध्ये लघुलेखकाचं काम करणारा एबेनेझर हॉवर्ड हेच पुस्तक वाचून पेटला. १८९८ मध्ये त्याने उद्याननगरांची कल्पना मांडली आणि १९०३ मध्ये लेचवर्थ हे खरंखुरं गाव उभं राहायला लागलं. तिथली जमीन सामाईक, आणि जमिनीची किंमत वाढली तर ती वाढ गावाची. आजही तिथली बरीचशी जमीन एका धर्मादाय संस्थेकडे आहे आणि भाड्याचं उत्पन्न गावावर खर्च होतं.

आपल्याकडे पुढच्या मुंबईचं चित्र कोण काढतं? बिल्डरची होर्डिंग्ज. चाळिसाव्या मजल्यावर पोहण्याचा तलाव, खाली हिरवळ, आणि त्या चित्रात झाडू मारणारं, दूध टाकणारं, मुलं सांभाळणारं एकही माणूस नाही. याला उत्तर म्हणून मराठीत मुंबईची अशी एक कादंबरी लिहिली जायला हवी, जिच्यात घरं कुणाची, भाडं किती, काम कुणी करायचं याची उत्तरं असतील. तुमचं काय मत?

हिशेबनीस:

धागा चांगला, प्रतिपादन कच्चं. बेलामीची मंडळं पाच-सहा वर्षांत ओसरली. अमेरिकेत रेल्वे कायमची सरकारी कधी झालीच नाही. प्राप्तिकर पक्का बसला तो १९१३ च्या घटनादुरुस्तीने. आणि पीपल्स पार्टीच्या मागे जी माणसं उभी राहिली ती कर्जाने आणि रेल्वेच्या भाड्याने पिचलेले शेतकरी होते. त्यांना आपलं दुखणं कळायला कादंबरीची गरज नव्हती.

त्याच काळातलं दुसरं नाव घ्या. थिओडोर हर्ट्‌झका हा ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ, म्हणजे आकडे कळणारा माणूस. १८९० मध्ये त्याने 'फ्रायलँड' ही पूर्व आफ्रिकेत वसवलेल्या मुक्त वसाहतीची कादंबरी लिहिली. वाचकांनी पैसे जमवले, १८९४ मध्ये खरोखरची तुकडी तिकडे गेली आणि किनाऱ्यावरच तिची वाताहत झाली. तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसांना विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आता मुंबईत या. १८९० सालीच नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून दिली. १८८४ पासून सभा, सह्यांचे अर्ज, पुन्हा सभा. १० जून १८९० ला गिरणीमालक रविवारच्या सुट्टीला कबूल झाले. यात कल्पित नगरी कुठे आहे?

रखमाबाईंचा खटला घ्या. लहानपणी लावलेलं लग्न मान्य नाही म्हणून नांदायला नकार, १८८४ पासून मुंबई हायकोर्टात खटला, १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद असा हुकूम. त्यावरून जे रण माजलं ते पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत पोचलं. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती. त्यात आदर्श समाज नाही, यमूचं भोगणं आहे. वाचकाला हलवलं ते त्या भोगण्याने.

आणि अलीकडचं सांगतो. महाराष्ट्राची रोजगार हमी. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, हे कायद्यात लिहिणारं राज्य. पैसा कुठून आला? १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, त्यातून. मुंबईत नोकरी करणाऱ्या बहुतेक कुणाचीही पगाराची स्लिप काढून बघा, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील. शहराच्या पगारातून दुष्काळी खेड्यातल्या मजुरीची तरतूद! ही आपल्या राज्यातली सगळ्यात मोठी आर्थिक सुधारणा आहे आणि तिच्या मागे एकही कादंबरी नाही. एका आमदाराने बसून केलेला हिशेब आहे.

तिसरी पाळी:

हिशेबनीस यांच्याशी निम्मा सहमत. माझा आक्षेप वेगळा आहे. बेलामीच्या पुस्तकात बदल घडतो कसा? मोठ्या कंपन्या एकमेकींना गिळत जातात, शेवटी एकच कंपनी उरते आणि ती राष्ट्राची होते. रक्ताचा थेंब नाही, संप नाही, लॉकआउट नाही. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे वाचताना राग येतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार. नुसती पगारवाढ मागितली नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला मान्यता मिळते आणि कामगाराला आपला प्रतिनिधी निवडता येत नाही, तो कायदा रद्द करा हीही मागणी होती. म्हणजे सत्तेचा प्रश्न होता. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माणसं गावाला गेली, बायकांनी खानावळी चालवल्या, पोरांनी शाळा सोडल्या. पुढचं चित्र नव्हतं म्हणून संप हरला का? आमच्या माणसांना काय हवंय ते पक्कं माहीत होतं. समोरच्याकडे थांबायची ताकद जास्त होती.

नंतर जमिनीचं काय झालं तेही लिहितो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकायची, विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळी जागा शहराला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. यापेक्षा आदर्श नगरी कुठली? मग २००१ मध्ये दुरुस्ती आली की ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू, ज्यावर बांधकाम आहे ती जमीन यातून वगळली. गिरणी म्हणजे बहुतेक सगळं बांधकामच. शहराच्या आणि घरांच्या वाट्याला तुकडे आले. हायकोर्टात दाद मागितली गेली, शेवटी २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती कायम ठेवली. कादंबरीने याला काय केलं असतं ते सांगा.

परळची वाचक:

दोघांनाही उत्तर देते, थोडं लांबेल.

तिसरी पाळी, तुमचा आक्षेप बेलामीच्या काळातच घेतला गेला होता आणि तोही कादंबरी लिहूनच. विल्यम मॉरिसने 'लुकिंग बॅकवर्ड'वर १८८९ मध्ये टीका केली आणि १८९० मध्ये 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' लिहिली. त्यात बदल कसा आला यावर एक मोठं प्रकरण आहे. ट्रफाल्गर चौकात लोकांवर गोळीबार, सार्वत्रिक संप, लांबलेला झगडा. म्हणजे मधला रस्ता या लेखनाला दिसत नाही असं नाही. एकाला दिसला नाही, दुसऱ्याने दाखवला, वाचकांनी दोन्ही ताडून पाहिले. दोन जाहीरनाम्यांत असा वाद झाला तर तो कार्यकर्त्यांच्या खोलीतच राहतो.

पण तुमच्या ५८ नंबरच्या नियमावर मला खरं बोलायचंय. एक तृतीयांश जमीन शहराची होती, हे २००१ च्या आधी लालबाग-परळमधल्या किती घरांत माहीत होतं? ती वाटणी फाइलीत होती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी कापड महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र आराखडा दिला, तोही फाइलीत गेला. समजा त्या आधी दहा वर्षं घराघरात एखादी गोष्ट वाचली गेली असती, जिच्यात त्या मोकळ्या मैदानावर मुलं खेळतायत, शेजारी कामगारांची घरं आहेत, त्या घरांतल्या बायकांची नावं आहेत, तर ती दुरुस्ती इतक्या शांततेत झाली असती? आपलं म्हणून जे कधी डोळ्यांसमोर आलंच नाही, ते हिरावून घेतल्याचं दुःख माणसाला कसं होणार?

हिशेबनीस, व्यवसाय कराचं तुमचं उदाहरण मला अतिशय आवडलं आणि ते माझ्याच बाजूचं आहे. लोकलच्या डब्यात विचारून बघा, हे २०० रुपये कशाला कापतात. शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. शहराने गावाच्या पोटाची हमी घेतली, इतकी मोठी गोष्ट, आणि ज्यांच्या खिशातून ती झाली त्यांनाच तिचा पत्ता नाही. म्हणून तर उद्या ती मोडली तरी मुंबईत कुणी रस्त्यावर येणार नाही. सुधारणा हिशेबाने होते, मान्य. ती टिकते मात्र लोकांच्या मनात तिचं चित्र असलं तरच.

कलानगर सिग्नल:

छत्रीचा मुद्दा निघालाच आहे म्हणून. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला, मग एमएमआरडीएने ठिकठिकाणी बांधले. वर छप्पर, पावसात भिजायचं नाही. बेलामीची सामाईक छत्री झाली म्हणायची. प्रत्यक्षात चालणाऱ्याला जिने चढवून वर पाठवलं आणि खालचा रस्ता गाड्यांना मोकळा केला. गुडघे दुखणारी माणसं आजही खालूनच, गाड्यांच्या मधून जातात. चित्र कितीही सुंदर असो, ते बांधणारा कोण यावर सगळं ठरतं.

निळी पायवाट:

वर इतकी चर्चा झाली आणि अजून कुणी विचारलं नाही: तुमच्या या आदर्श मुंबईत गटारात कोण उतरणार?

मी अशी पुस्तकं उघडली की सगळ्यात आधी हेच शोधतो. थॉमस मोरच्या १५१६ च्या 'युटोपिया'त रोज सहा तास काम, खासगी मालमत्ता नाही, सोन्याची किंमत इतकी कमी की त्याची मुताची भांडी करतात. कौतुक वाटतं. मग कळतं की जनावरं कापणं आणि घाण, कष्टाची कामं गुलामांकडे आहेत. पाचशे वर्षं लोक ज्या बेटाचे गोडवे गातात, त्या बेटावर आमची जागा ठरलेलीच होती.

बेलामी या बाबतीत मोरच्या पुष्कळ पुढे आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याच्याकडे प्रत्येक तरुणाला पहिली तीन वर्षं पडेल ते अंगमेहनतीचं काम करावं लागतं, कुणाचीही सुटका नाही. आणि जे काम करायला माणसं पुढे येत नाहीत त्या कामाचे तास कमी करत जायचे, येईपर्यंत. मुंबईत हे लावून बघा. मलबार हिलच्या पोराला तीन वर्षं कचऱ्याच्या गाडीवर. मॅनहोलचं काम करणाऱ्याला दिवसाला एक तास आणि पगार इतरांइतकाच. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे, तरी माणसं मरतात, कारण ती कुणाची माणसं आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण बेलामीच्या बोस्टनमध्ये काळ्या माणसांचं काय झालं, हे तो सांगत नाही. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पंचवीस वर्षंही झाली नव्हती.

म्हणून मला बोस्टनहून आणलेलं स्वप्न नको. आपल्याकडे आहेत की. संत रविदासांचं बेगमपुरा: दुःख नाही, कर-खंडणीची धास्ती नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचं माणूस नाही, जिथे हवं तिथे फिरायची मोकळीक. पंधराव्या-सोळाव्या शतकात बनारसला चामड्याचं काम करणाऱ्या माणसाने हे शहर कल्पिलं. त्याने शहर कल्पिलं, खेडं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' हे आपल्या आयाबाया म्हणत आल्या आणि जोतीरावांनी त्या बळीराजाला इतिहास दिला. १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात तर एकच कुटुंब आहे, त्यातली बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळी प्रेमाने एकत्र राहतायत. आज मुंबईतल्या किती सोसायट्या या कुटुंबाला भाड्याने घर देतील?

हिशेबनीस, लोखंड्यांचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. ते सत्यशोधक होते, 'दीनबंधू' चालवत होते. रविवारची सुट्टी मागणाऱ्या माणसाच्या डोक्यात नुसता कामाच्या तासांचा हिशेब नव्हता, बळीचं राज्यही होतं.

शाळेतली बाई:

निळी पायवाट, तुमच्या यादीत एक नाव घालते. रुकैया सखावत हुसेन, १९०५, 'सुल्तानाज् ड्रीम'. मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आली. स्त्रियांचं राज्य, पुरुष पडद्यात, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर, विद्यापीठातल्या बायका ढगांतून पाणी ओढून घेतात. बायका कचेरीचं काम दोन तासांत उरकतात, कारण पुरुषांचे बरेच तास विड्या ओढण्यात जायचे. माझ्या वर्गातल्या मुली हे ऐकून खदाखदा हसतात आणि मग एकजण हमखास विचारते, मग आपल्याकडे असं का नाही? रुकैयाबाई तिथेच थांबल्या नाहीत. १९११ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा काढली, घरोघरी जाऊन मुली गोळा केल्या. त्या शाळेमागे कथा नव्हती असं कोण म्हणेल?

हिशेबनीस:

रुकैयाबाईंबद्दल आदर आहेच. पण शाळा काढली ती बाईंनी, कथेने नाही. कथा न लिहिता सावित्रीबाईंनी १८४८ मध्येच शाळा काढली होती.

परळची वाचक, चित्र असलं की सुधारणा टिकते हे तुमचं म्हणणं मला विचार करायला लावतं. तरी एक धोका सांगतो. ज्याच्या मनात चित्र पक्कं बसलं त्याला अर्धवट मिळालेलं नकोसं वाटतं. पागे जर 'सगळ्या जमिनीची फेरवाटणी झाल्याशिवाय काही नको' म्हणत बसले असते तर १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायचं काम आणि त्याची मजुरी तरी मिळाली असती का? लोक उपाशी होते तेव्हा. खडी फोडण्याच्या कामात स्वप्नवत काही नव्हतं, पण त्याने चूल पेटली.

तरुणांना माझं सांगणं राहील की विकास आराखडा वाचायला शिका. २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याचा मसुदा लोकांच्या हरकतींच्या रेट्याने मागे घ्यावा लागला, सुधारून २०१८ मध्ये मंजूर झाला. हजारो सामान्य माणसांनी नकाशे उघडून आपली गल्ली शोधली. ही ताकद आहे.

पनवेलकर:

आराखड्याची ताकद आमच्या भागाइतकी कुणी पाहिली नसेल.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' मासिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली. मुंबई उत्तरेला लांबत चालली आहे, तिला पूर्वेला जोड द्या. सरकारी कचेऱ्या तिकडे न्या. जमीन सरकारने घ्यावी, विकसित करून विकावी आणि त्या पैशातून शहराच्या सोयी कराव्यात. हॉवर्डच्या उद्याननगराचंच हे नातलग, फक्त जमीन सामाईक ठेवण्याऐवजी विकायची. १९७० मध्ये सिडको झाली. तिघेही सद्हेतूने काम करणारे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कचेऱ्या आल्या नाहीत, कारण तिकडे नरिमन पॉइंटला समुद्रात भराव चालूच राहिला. आणि ज्यांच्या जमिनीवर हे उभं राहायचं ते ९५ गावांतले आगरी, कोळी शेतकरी त्या चित्रात कुठे होते? मोबदला ठरला तो सरकारने ठरवलेला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यानंतर कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ही योजना त्या तिघांच्या लेखात नव्हती. ती रक्त सांडून आली.

म्हणून दोन्ही बाजूंना विचारतो. नकाशा असो की कादंबरी, ती लिहिणारा माणूस बाहेरून येतो आणि आमची भातशेती, मिठागरं ही त्याला कोरी पाटी वाटते. हर्ट्‌झकाला आफ्रिकेचा किनारा वाटला तशीच. यावर उपाय काय?

तिसरी पाळी:

पनवेलकर, शब्दन् शब्द पटला.

परळची वाचक:

पनवेलकर, या धाग्यावर आलेला हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

मला वाटतं कादंबरी आणि नकाशा यांत इथेच फरक पडतो. नकाशात गाव हा एक रंगवलेला ठिपका असतो आणि तो पुसता येतो. कादंबरीत माणूस घातल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. लिहिणाऱ्याने उलव्याचं नाव घेतलं की तिथे कुणीतरी राहतं, त्याला आई आहे, तिच्या नावावर शेत आहे, हे लिहावंच लागतं. नाही लिहिलं तर वाचणारा विचारतो. निळी पायवाट यांनी मोरला पाचशे वर्षांनी विचारलंच की. सिडकोच्या नकाशाला १९७० मध्ये तसं विचारायची सोय कुठे होती? आणि लिहिणारा बाहेरचाच असावा असं कुठे आहे? उद्याच्या मुंबईची पहिली गोष्ट जासईहून लिहिली जावी, नायगावहून लिहिली जावी. मला ती वाचायची आहे.

निळी पायवाट:

"त्याला आई आहे, ते लिहावंच लागतं", हे मला मान्य नाही ताई. मराठी कादंबरीने शंभरेक वर्षं आमच्या वस्त्यांवरून सहज उडी मारली आणि तिची पानं व्यवस्थित पुढे सरकली. कुठल्याही वाचकाने विचारलं नाही. विचारायला लागले ते आम्ही लिहायला लागल्यावर.

कुठला साहित्यप्रकार हवा यावर मी अडून बसणार नाही, पण एक नमुना समोर ठेवतो. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं. मूळ उद्योग सरकारचे, विमा सरकारचा आणि प्रत्येक प्रौढाला सक्तीचा. शेतजमीन सरकारची, गावाने ती जातपात न बघता सामुदायिक कसायची, अशी की जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. बेलामीने स्वप्नात घातलं त्यातलं बरंचसं इथे आहे, पण कलमांच्या भाषेत. आणि ही व्यवस्था घटनेतच लिहा, म्हणजे पुढचं बहुमत येऊन ती मोडू शकणार नाही, असा आग्रह धरला. हिशेबनीसांना हवा तो कायदा आणि ताईंना हवं ते चित्र, दोन्ही एकाच दस्तऐवजात. घटनेत ते आलं नाही. ते पुस्तक मात्र आजही चैत्यभूमीबाहेरच्या स्टॉलवर ६ डिसेंबरला विकलं जातं, आणि घेणारी माणसं ते दुपारी शिवाजी पार्कात बसून वाचतात. मला तरी कादंबरीपेक्षा हा रस्ता जवळचा वाटतो.

परळची वाचक:

विकलं जातं, वाचलं जातं, हे मीही दर वर्षी पाहते. माझा प्रश्न त्या स्टॉलपर्यंत न येणाऱ्यांचा आहे. ज्या सोसायटीत जोतीरावांच्या त्या कुटुंबाला घर मिळणार नाही, तिथला माणूस कलमं वाचणार नाही. गोष्ट वाचेल. निदान त्याची मुलगी वाचेल.

शाळेतली बाई:

आमच्या शाळेत नववीला या सहामाहीत प्रकल्प देते आहे. २०७५ सालची आपली गल्ली, आणि तीन अटी: कचरा कोण उचलतं ते लिहायचं, घरभाडं किती ते लिहायचं, आणि आत्ता त्या जागेवर कोण राहतं ते आधी त्यांच्याशी बोलून लिहायचं. तिसरी अट पनवेलकरांमुळे घातली.

हिशेबनीस:

बाई, चौथी घाला. पैसा कुठून येणार तेही लिहायला लावा. व्यवसाय करासारखं, कुणाच्या पगारातून किती, हे आकड्यात.

पनवेलकर:

आणि ज्यांच्याशी बोलतील त्यांना लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. ते "असं नाही" म्हणाले तर तेही वहीत उतरवून घ्यायचं.